सोलापूरच्या वाटा आणि नाके

सोलापूरच्या वाटांचा पहिला आराखडा कोणत्याही कचेरीत तयार झाला नाही. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात स्थापिली असे परंपरा सांगते त्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, जी मकरसंक्रांतीच्या गड्डा यात्रेत कमरेच्या पट्ट्यावर उंच नंदीध्वज तोलीत मानकरी आजही पायी पुरी करतात, तीच या नगराची सर्वांत जुनी नेमलेली वाट होय. ती माणसाच्या पावलासाठी आखली होती, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

पुढे वाटा मालासाठी आखल्या जाऊ लागल्या. १८६० साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे येथवर आली आणि काही वर्षे लोहमार्गाचे टोक येथेच राहिल्यामुळे आसपासच्या मुलखाचा माल बैलगाड्यांनी स्थानकाकडे वळला. १८७७ साली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी उभी राहिली, पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या आल्या, आणि पहाटेच्या भोंग्यासरशी हजारो कामगार पेठांच्या बोळांतून पायीच निघू लागले. नगरपालिकेचे लक्ष मात्र जकातीच्या नाक्यांवर होते. पुणे नाका, तुळजापूर नाका, अक्कलकोट नाका, विजापूर नाका ही आजची ठिकाणे त्या जकातीच्या अमदानीची आठवण देतात: गाडी थांबे, मालाची झडती होई, कारकून पावती फाडी. गाडीतल्या मालाची नोंद दफ्तरात पडे; शेजारून चालत जाणाऱ्या मजुराची पडत नसे.

१९५४ च्या नगररचना कायद्याने विकास आराखडा स्थानिक संस्थांवर बंधनकारक केला, १९६४ साली महानगरपालिका झाली, १९६६ चा प्रादेशिक नियोजन कायदा आला. नकाशांवर रस्त्यांच्या रुंदीच्या रेषा उमटल्या. लोहमार्गापलीकडे जुळे सोलापूर वसले आणि दोन्ही भागांचा रोजचा व्यवहार मोजक्या पुलांवर येऊन पडला.

विडी कामगार स्त्रियांच्या दीर्घ लढ्यातून शहराबाहेर कुंभारी येथे गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरे उभी राहिली, आणि २०२४ च्या जानेवारीत त्याच कुंभारीत रे नगर या कामगार वसाहतीच्या पंधरा हजार घरांचे हस्तांतरण झाले. हक्काचे घर मिळणे ही थोर गोष्ट आहे. परंतु घर शहराबाहेर गेले की कारखाना, बाजार, रुग्णालय आणि शाळा यांचे अंतर त्याच स्त्रीच्या पदरात पडते. म्हणून पुढचा आराखडा करणाऱ्यांना माझी विनंती आहे की, रस्त्याची रुंदी ठरवण्यापूर्वी त्यांनी कुंभारीहून कामावर निघणाऱ्या बायांची मोजदाद करावी आणि बसचे वेळापत्रक त्यांच्या कामाच्या वेळांवर बांधावे.