पालकाचा अपराध आणि मनःस्थिती

वरळी कोळीवाड्यातील मासेविक्रेती पहाटे अंधारात ससून डॉकच्या लिलावाला निघते, तेव्हा घरातले मूल झोपलेले असते. शेजारणीच्या भरवशावर ते सोडून जाणे हा गरिबाघरचा नित्याचा व्यवहार. समजा, एखाद्या दिवशी शेजारीण घरी नसली आणि एकट्या राहिलेल्या मुलाला इजा झाली, तर आई गुन्हेगार ठरते का?

बालन्याय अधिनियम, २०१५ मधील कलम ७५ येथे लागू होऊ शकते. मुलाला मारहाण करणे, त्याचा त्याग करणे किंवा त्याच्याकडे ‘बुद्धिपुरस्सर’ दुर्लक्ष करून त्याला अनावश्यक यातना होतील असे वागणे, यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सारा खटला ‘बुद्धिपुरस्सर’ या एका शब्दाभोवती फिरतो. आईला धोका कळत होता काय, कळूनही तिने त्याची पर्वा केली नाही काय, की तिच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता? जन्मदात्यांनी आपल्या आवाक्याबाहेरील परिस्थितीमुळे मूल टाकले असेल, तर ते बुद्धिपुरस्सर नव्हते असेच मानावे, अशी तरतूद याच कलमात आहे. दारिद्र्याची एवढी स्पष्ट दखल फौजदारी कायद्यात क्वचितच आढळते. बारा वर्षांखालील मूल कायमचे सोडून देण्याच्या हेतूने टाकणाऱ्या पालकाला मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ नुसार (पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे ३१७) सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेथेही हेतू सिद्ध करावा लागतो.

मनोविकाराचा प्रश्न याहून बिकट आहे. कृत्याचे स्वरूप किंवा ते गैर आहे हे मनोविकृतीमुळे कळतच नसेल, तरच संहितेच्या कलम २२ चे (पूर्वीचे ८४) संरक्षण मिळते. हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. परंतु त्याच्या पुराव्याने हेतूविषयी वाजवी संशय निर्माण झाला तरी त्याला फायदा मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दह्याभाई ठक्कर खटल्यात म्हटले. महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाला पत्नीच्या खुनाच्या खटल्यात २००२ मध्ये याच संरक्षणाने मुक्त केले गेले. त्या वेळी घटनेपूर्वीचे उपचार, वडिलांचा मानसिक आजार, घटनेनंतरच्या रुग्णालयातील खेपा आणि पळून न जाणे हे सारे एकत्र पाहिले गेले.

बाळंतपणानंतरचे नैराश्य या चौकटीत सहसा बसत नाही. अशा आईला बरेवाईट कळत असते, पण हात चालत नाहीत. इंग्लंडने १९२२ मध्ये, आणि सुधारून १९३८ मध्ये, अशा मातेने केलेल्या अर्भकहत्येसाठी स्वतंत्र, सौम्य गुन्हा निर्माण केला. आपल्याकडे तसा कायदा नाही. तिचा आजार शिक्षा ठरवताना विचारात घेतला जातो किंवा ‘बुद्धिपुरस्सर’पणाविषयी संशय उभा करतो, इतकेच.

पुण्यात काशीबाई नावाच्या विधवेने लोकलज्जेने आपले अर्भक मारले. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तिला त्या टोकाला नेणारा मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात कधी आला नाही. जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, त्यामागे ही हकिगत होती.

मनोविकृतीमुळे निर्दोष ठरलेला पालक लगेच घरी जातोच असे नाही. कृत्य त्याच्याच हातून घडल्याचे सिद्ध झाले असेल, तर न्यायालय त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा किंवा नातलगांच्या हवाली करण्याचा आदेश देते. मुलाचा ताबा कोणाकडे द्यायचा, हे बालकल्याण समिती वेगळे ठरवते.