थंडीतली घरची पालेभाजी : माळवा आणि ग्वाल्हेरच्या कुटुंबांसाठी

माळव्यात आणि ग्वाल्हेरकडे पालेभाज्यांचा खरा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. या दिवसांत बाजारात मेथी, पालक, कोथिंबीर, सरसों आणि बथुआ यांची रेलचेल असते. मात्र चुका, करडई, कोवळा शेपू अशा आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आलेल्या भाज्या इथल्या मंडईत सहज मिळत नाहीत. जी भाजी मिळत नाही ती हळूहळू घरात शिजेनाशी होते आणि पुढे तिचे नावही मुलांच्या कानावर पडत नाही. होळकर आणि शिंद्यांच्या काळापासून इथे वसलेल्या आपल्या कुटुंबांनी पुरणपोळी टिकवली, कारण डाळ आणि गूळ सगळीकडे मिळतो. पालेभाजी टिकवायची तर बी पेरावे लागते. त्यासाठी गच्चीवर किंवा बाल्कनीत सहा-सात कुंड्या पुरेशा होतात.

जागा, ऊन आणि माती

पालेभाजीला रोज निदान ४ ते ५ तास ऊन हवे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे पावसाळ्यात उन्हात असलेली जागा डिसेंबरमध्ये कठड्याच्या सावलीत जाऊ शकते. कुंड्या दक्षिणेकडील उघड्या बाजूला आणाव्यात, आणि कठडा उंच असल्यास विटांवर चढवाव्यात.

पालेभाज्यांची मुळे फार खोल जात नाहीत. ६ ते ८ इंच खोलीचा, तळाला भोके पाडलेला पसरट डबा, फळांचे क्रेट किंवा जुनी बादली चालते. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू हे मिश्रण सर्वसाधारणपणे योग्य ठरते. इंदूर, देवास, उज्जैनकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि सुकल्यावर तडकते, म्हणून तिथे वाळूचे प्रमाण वाढवावे.

पाणी सकाळी द्यावे. मातीत बोट घालून पाहावे आणि वरचा एक इंच थर कोरडा असेल तरच पाणी घालावे. थंडीत रोपे जास्त पाण्याने लवकर कुजतात.

कोणती भाजी कशी पेरावी

मेथी : स्वयंपाकघरातले मेथीदाणे रात्रभर भिजवून दाट पेरावेत. ३ ते ५ दिवसांत उगवतात. साधारण १५ दिवसांनी बोटभर रोपे मुळासकट उपटली की मुंबईकडे जिला समुद्रमेथी म्हणतात तशी कोवळी जुडी मिळते. मोठी मेथी हवी असेल तर ३० दिवस थांबावे.

कोथिंबीर : एका धण्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलके रगडून धणे दुभंगावेत, १२ तास भिजवावेत आणि अर्धा इंच खोल पेरावेत. उगवायला ८ ते १२ दिवस लागतात, थंडी जास्त असेल तर आणखी थोडे.

पालक : ३० ते ३५ दिवसांनी पहिली कापणी होते. बाहेरची पाने कापावीत आणि मधला कोंब ठेवावा, म्हणजे एकाच पेरणीतून तीन-चार वेळा भाजी मिळते.

शेपू : जागच्या जागी पेरावा, उपटून दुसरीकडे लावलेला मानवत नाही. ४० दिवसांत तयार होतो.

चाकवत आणि चुका : चाकवताचे बी अगदी बारीक असते. ते कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरावे आणि वरून मातीचा पातळ थर द्यावा. चुक्याची पाने खुडत राहिल्यास तो बरेच दिवस पुरतो.

करडई : हिला पाणी कमी लागते. पाने कोवळी असतानाच भाजी करावी, कारण पुढे काठांना काटे येतात.

हरभरा : न भाजलेले अख्खे हरभरे पेरावेत. महिन्याभराने शेंडे खुडले की रोप अधिक फुटते. या पाल्याला स्वतःची आंबट चव असते.

लसणीची पात : मोड आलेल्या पाकळ्या टोक वर ठेवून दोन इंचांवर खोचाव्यात. ३ ते ४ आठवड्यांत पात कापता येते. दिवाळी आटोपताच लावलेली पात चंपाषष्ठीच्या भरताला तयार असते.

सगळे बी एकाच दिवशी पेरू नये. दर १५ दिवसांनी एकेक कुंडी पेरल्यास भाजी एकदम येऊन वाया जात नाही आणि फाल्गुनापर्यंत पुरते.

बी मागताना

बीज भांडारात आपली मराठी नावे चालत नाहीत. शेपूला हिंदीत सोया किंवा सुवा म्हणतात. परंतु माळवा सोयाबीनचा प्रदेश असल्याने नुसते ‘सोया’ म्हटले तर दुकानदार सोयाबीन पुढे करण्याची शक्यता आहे. ‘सोया भाजी’ असे स्पष्ट सांगावे. चाकवत बथुआच्याच कुळातला आहे. करडईला हिंदीत कुसुम म्हणतात, पण भाजीसाठीचे बी सोलापूर, मराठवाडा किंवा विजयपूर-कलबुर्गीकडच्या नातेवाइकांकडून मागवणे सोपे जाते.

गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग लावलेले बी औषध चोळलेले असते. ते खाऊ नये, भिजवून मोड आणू नयेत आणि उरलेले बी स्वयंपाकघरात ठेवू नये.

भोगीचा हिशेब

भोगी संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे बहुधा १३ किंवा १४ जानेवारीला येते. त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीत आणि बाजरीच्या भाकरीसोबत घरचे काही असावे असे वाटत असेल, तर उलटे मोजावे. गाजर एक फूट खोल कुंडीत ऑक्टोबरच्या मध्याला, चाकवत आणि शेपू नोव्हेंबरच्या अखेरीस, हरभरा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मेथी १० डिसेंबरच्या सुमारास आणि लसूण १५ डिसेंबरपर्यंत लावावी. ग्वाल्हेरकडे कडाक्याच्या थंडीत वाढ मंदावते, म्हणून तिथे प्रत्येक तारीख आठ-दहा दिवस अलीकडे आणावी.

कडाक्याची थंडी

इंदूरला जानेवारीतली रात्र साधारण १० अंशांची असते. ग्वाल्हेर, मुरैना, भिंडकडे मात्र काही रात्री पारा ५ अंशांखाली जातो आणि पहाटे दव गोठते. इथल्या हिंदीत याला ‘पाला पडना’ म्हणतात. आपला मराठी पाला त्या पाल्याने करपतो. मेथी, पालक, हरभरा बऱ्यापैकी तग धरतात. तुळस, पानओवा आणि कढीपत्ता यांना जपावे लागते.

अशी रात्र येणार असे दिसले तर संध्याकाळी माती थोडी ओली करावी, कारण ओली माती दिवसाची ऊब अधिक काळ धरते. एवढ्या प्रसंगी सकाळच्या पाण्याचा नियम मोडावा. कुंड्या भिंतीलगत सरकवून चार काठ्यांवर जुनी सुती साडी किंवा धोतर पांघरावे. ऊन आल्यावर पांघरूण काढावे.

कीड

ढगाळ हवामानात पानांच्या मागे मावा येतो. सुरुवातीला पाण्याच्या जोराच्या धारेने तो निघून जातो. जास्त असल्यास १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे. त्यानंतर चार-पाच दिवस भाजी काढू नये, आणि काढल्यावर नीट धुवावी.

चुका, पालक आणि चाकवत यांत ऑक्झॅलेट असते. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी किती खावे हे डॉक्टरांना विचारावे.

बी राखणे

हंगामाचे सर्वांत महत्त्वाचे काम शेवटी असते. प्रत्येक भाजीची तीन-चार सशक्त रोपे न कापता ठेवावीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती फुलतात. शेपूचे तुरे तपकिरी झाल्यावर, मेथीच्या शेंगा वाळल्यावर आणि चुक्याची कागदासारखी पातळ फळे सुकल्यावर बी काढावे. दोन-तीन दिवस सावलीत वाळवून काचेच्या बरणीत थोड्या कोरड्या राखेसह भरावे.

बरणीवर भाजीचे मराठी नाव, इथले हिंदी नाव आणि वर्ष लिहावे. हे लिहिण्याचे काम घरातल्या मुलांना द्यावे. पुढच्या दसऱ्याला तीच बरणी उघडून त्यांनाच पेरायला सांगावे, आणि उरलेले चिमूटभर बी शेजारच्या मराठी घरी पोचवावे. चुक्याचे किंवा करडईचे बी चार घरांत असले की एखाद्या घरी एखाद्या वर्षी पेरणी चुकली तरी ती भाजी गावातून जात नाही.