आरोग्याची पायवाट

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला जामखेड हा अवर्षणग्रस्त तालुका आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दाम्पत्य तेथे आले आणि वापरात नसलेल्या एका गुरांच्या दवाखान्यात त्यांनी आपले काम मांडले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. शहरात त्यांना मान आणि पैसा दोन्ही लाभले असते. परंतु ग्रामीण सेवेचा निश्चय करूनच त्यांनी संसार थाटला होता.

त्याआधी काही वर्षे त्यांनी याच जिल्ह्यात वडाळा येथील मिशन इस्पितळात सेवा केली होती. तेथे एक गोष्ट त्यांच्या मनाला सतत टोचत राहिली. औषध घेऊन बरे झालेले मूल काही आठवड्यांनी त्याच आजाराने पुन्हा दारात येई. पाणी तेच, उपासमार तीच, समजुतीही त्याच. इस्पितळात येणारे बहुतेक आजार गावातच टाळता येण्याजोगे होते, आणि ज्यांना सर्वांत जास्त गरज होती ते तर इस्पितळापर्यंत पोहोचतच नव्हते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन हे दाम्पत्य मायदेशी परतले, ते हा प्रश्न मनात घेऊनच.

जामखेडला प्रथम त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत पाठविले. त्यात फारसे यश आले नाही. परक्या गावात एकट्या तरुणीने राहणे कठीण होते, आणि बाहेरून आलेल्या मुलीच्या सांगण्यावर गावाचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी आणि तिला शिक्षण द्यावे, असा विचार पुढे आला. निवडलेल्या स्त्रिया बहुधा प्रौढ, लेकुरवाळ्या होत्या. त्यांतील अनेकींना अक्षरओळख नव्हती. पुष्कळजणी दलित समाजातील होत्या.

या स्त्रियांकडे वाहन नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती. त्यांचे कार्यक्षेत्र म्हणजे त्यांचे स्वतःचे गाव. एका दारातून निघून दुसऱ्या दारी पायी पोहोचावे एवढेच अंतर. त्या पायी फिरण्यातच या प्रयोगाचे मर्म होते, असे मला वाटते. जीपमधून येणाऱ्या डॉक्टरला रोगी दिसतो. पायी फिरणाऱ्या बाईला घर दिसते. कोणाच्या अंगणात सांडपाणी साचले आहे, कोणती सून दिवस गेलेले असूनही अर्धपोटी राहते, कोणाचा खोकला तीन आठवडे झाले तरी थांबलेला नाही, हे तिला जाता-येता कळे. चूल पेटलेली असताना उंबऱ्यावर बसून बोलण्याइतका वेळही तिच्याजवळ असे.

त्या काळच्या समजुती आठवून पाहा. हगवण लागलेल्या मुलाचे पाणी तोडीत. बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल म्हणून गर्भवतीला कमी खाऊ घालीत. आईचे पहिले चिकाचे दूध काढून टाकीत. गोवर हा देवीचा कोप मानीत. जामखेडच्या कार्यकर्तीने या समजुतींना गावच्याच बोलीत, गाण्यांतून व गोष्टींतून उत्तर दिले. मीठ-साखरेचे पाणी कसे करावे, नाळ कापण्याचे पाते व दोरा निर्जंतुक का हवा, मुलाचे वजन का करावे, हे ती आठवड्याच्या शिक्षणवर्गात शिके आणि गावी परतून शेजारणींना शिकवी. ‘आरोग्यसाक्षरता’ या अर्थाचा इंग्रजी शब्द १९७४ साली प्रथम वापरात आला. त्याच सुमारास लिहिता-वाचता न येणाऱ्या या स्त्रिया ती साक्षरता घरोघर वाटीत होत्या!

आणखी एक अंतर त्यांना ओलांडावे लागले. ते कोसांत मोजता येणारे नव्हते. ज्या आळीत दलित स्त्रीने पाऊल ठेवू नये अशी रूढी होती, तेथील बाळंतिणीलाही तिची गरज भासू लागली. एकाच उंबऱ्यावरून ती किती वेळा परत फिरली असेल, याची नोंद कोणत्याही आकडेवारीत सापडणार नाही. परंतु शेवटी दार उघडले, हे खरे. दुष्काळात विंधनविहिरी घेताना त्या दलित वस्तीत होतील, असे आरोळ्यांनी पाहिले. पाण्यासाठी सर्वांची पावले तिकडे वळली.

परिणाम आकड्यांतही दिसला. १९७१ च्या सुमारास या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हे प्रमाण तीसच्या आत आले. १९७८ साली अल्मा-आटा येथील परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला, त्याआधीच जागतिक आरोग्य संघटनेने जामखेडच्या कामाची दखल आपल्या ग्रंथात घेतली होती. १९७९ साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली मुक्ताबाई पोळ या ग्रामीण कार्यकर्तीने वॉशिंग्टनच्या सभेत डॉक्टरांना झुंबराची उपमा दिली आणि स्वतःला पणतीची, कारण एका पणतीवरून दुसरी पणती लावता येते. २००५ साली देशभर ‘आशा’ कार्यकर्तीची योजना आली. तिच्यामागे अशाच प्रयोगांची पुण्याई होती. मेबलताई १९९९ मध्ये आणि डॉक्टरसाहेब २०११ मध्ये निवर्तले. काम चालू आहे.

त्या काळच्या चालण्याचे मात्र आपण भलते कौतुक करू नये. डोक्यावर हंडा घेऊन मैलभर जाणारी स्त्री आरोग्यासाठी चालत नव्हती; ते कष्ट कमी झाले, हे चांगलेच झाले. परंतु कष्टांबरोबर चालणेही गेले. आज खेड्यातही दारोदार मोटारसायकल आहे. चार शेतांपलीकडे जायचे तरी ती सुरू होते. पूर्वी शहरी मानले जाणारे मधुमेह आणि रक्तदाब हे आजार गावात येऊन राहिले आहेत. जामखेडच्या कार्यकर्त्या आता त्यांचीही तपासणी करतात. तिथल्याच कार्यशाळेत अपंगांसाठी जयपूर फूट तयार होतात; ज्याचा पाय गेला, त्याला चालता येण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातील साखर वापरतात आणि नियमित चालण्याने रक्तदाबही आटोक्यात राहण्यास मदत होते. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, झपझप चालावे किंवा सायकल चालवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घेत असलेली औषधे मात्र मनाने बंद करू नयेत.

हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. पण ठाऊक असणे आणि अंगी बाणणे यांत अंतर असते. जामखेडमध्ये ते अंतर शेजारच्या बाईने चालून कापले. आपल्या धर्मग्रामातही प्रत्येक वाडीत अशी एखादी जाणती स्त्री असेलच. रविवारी मिस्साला पायी निघताना तिने शेजारणीला हाक मारावी आणि वाटेत तिच्या साखरेची, गोळ्यांची, सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करावी. प्रभूने शिष्यांना गावोगावी धाडले, तेही पायीच. आरोळे दाम्पत्याने ती वाट आपल्या काळात पुन्हा मळवली. तिच्यावर गवत वाढू न देणे आपल्या हाती आहे.