उसना गज, आपले कापड

कलकत्त्याच्या दक्षिणेस, हुगळीच्या पूर्व तीरावर वसलेले बजबज हे गाव इतिहासाच्या ग्रंथांत दोन-तीन ठिकाणी डोकावून जाते. १७५६ च्या डिसेंबरात क्लाइव्हने येथला किल्ला घेतला. १८९७ च्या फेब्रुवारीत स्वामी विवेकानंद परदेशातून परत येताना येथे बोटीतून उतरले आणि आगगाडीने सियालदहला गेले. १९१४ च्या सप्टेंबरात ‘कोमागाता मारू’ या जहाजातून परत आलेल्या प्रवाशांवर, ज्यांत बहुसंख्य शीख होते, येथेच गोळ्या झाडल्या गेल्या. एरवी तागाच्या गिरण्या आणि तेलाच्या टाक्या एवढीच या गावाची ओळख. परंतु समुद्रातून कलकत्त्यास जाणाऱ्या प्रत्येक गलबताला या गावावरूनच वर जावे लागे. त्या गलबतांतून फौजा आल्या, माल आला, त्याचप्रमाणे व्याकरण लिहिणारी माणसेही आली. नोकरीच्या निमित्ताने या नदीकाठी येऊन पडलेल्या मराठी माणसास याचे विशेष अगत्य वाटावे. कारण आपल्या मराठी भाषेचे इंग्रजीत लिहिलेले पहिले व्याकरण पुण्यास किंवा मुंबईस छापले गेले नाही. ते याच हुगळीच्या काठी, कलकत्त्याच्या उत्तरेस असलेल्या श्रीरामपुरास, १८०५ साली छापले गेले.

या नदीकाठी व्याकरणांचा उद्योग सुरू झाला तो त्याच्याही आधी. १७७८ साली नॅथॅनिएल हॅलहेड याचे बंगाली भाषेचे व्याकरण हुगळी गावी छापून निघाले. त्यासाठी बंगाली अक्षरांचे खिळे चार्ल्स विल्किन्सने पंचानन कर्मकार या कुशल लोहाराच्या साहाय्याने पाडले. संस्कृतातील कित्येक शब्द फारसी, लॅटिन आणि ग्रीक शब्दांशी जुळतात हे हॅलहेडने त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत नोंदवले. पुढे आठच वर्षांनी, १७८६ च्या फेब्रुवारीत, सर विल्यम जोन्सने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे असे प्रतिपादन केले की, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ स्रोतातून निघालेल्या असाव्यात. तौलनिक भाषाशास्त्राचा प्रारंभ या व्याख्यानापासून मोजण्याचा प्रघात आहे. आपणा मराठी लोकांना मात्र यात एक भर घालता येईल. ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचणारा फादर स्टीफन्स हा इंग्रज पाद्री गोव्यास असताना १५८३ साली भावास लिहिलेल्या पत्रात म्हणतो की, येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनसारखी आहे. म्हणजे जोन्सच्या दोनशे वर्षे आधी हे साम्य कोकणपट्टीत एका इंग्रजाच्या कानांनी टिपले होते. त्याच स्टीफन्सने लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, गोव्यात राशोल येथे छापले गेले.

श्रीरामपूरच्या व्याकरणाचा कर्ता विल्यम कॅरी हा मूळचा नॉर्थॅम्प्टनशायरमधला चांभार. जोडे शिवता शिवता त्याने लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू आत्मसात केल्या. १७९३ साली तो बंगालात आला. कंपनी सरकारास आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून १८०० साली त्याने डेन्मार्कच्या अमलाखालील श्रीरामपुरास बिऱ्हाड केले. त्याच वर्षी लॉर्ड वेलस्लीने कंपनीच्या तरुण मुलकी नोकरांना देशी भाषा शिकवण्यासाठी फोर्ट विल्यम कॉलेज काढले, आणि ज्याच्या मिशनला मुलखात थारा नव्हता त्याच कॅरीला १८०१ साली तेथे बंगाली शिकवण्यास बोलावले. पुढे संस्कृत आणि मराठी याही भाषा त्याच्याकडे आल्या. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह झाला, १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांशी युद्ध झाले. मराठी जाणणारे अधिकारी कंपनीस आता हवे झाले होते. हिंदीची प्राज्ञ परीक्षा दिलेल्या आपल्यासारख्या नोकरदारांना ही परिस्थिती अपरिचित वाटू नये. सरकारास भाषा हवी असते ती कामापुरती, आणि कामापुरत्या भाषेसाठी आधी व्याकरण लागते.

कॅरीला मराठी कोणी शिकवली? कॉलेजातील मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ शर्मा यांनी. त्यांच्या साहाय्याचा उल्लेख कॅरीने आपल्या व्याकरणात केला आहे. १८१० साली निघालेल्या कॅरीच्या मराठी कोशात मराठी शब्द मोडी खिळ्यांत छापले आहेत. वैजनाथांच्या हातची ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ साली आणि ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ १८१६ साली प्रसिद्ध झाले. यांतील दुसरे पुस्तक म्हणजे रामराम बसू यांनी १८०१ साली लिहिलेल्या बंगाली चरित्राचे मराठी रूप. जेसोरच्या एका राजाची कथा बंगालीतून मराठीत उतरली ती श्रीरामपुरास, आणि तीही शनिवारवाड्यावर भगवा फडकत असताना, हे आज कोणास सांगितले तर खरे वाटणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. कॅरीने मराठी मोजली ती कोणत्या गजाने? त्याच्या हाती दोन गज होते. एक लॅटिनच्या वळणाने शिकलेले इंग्रजी व्याकरण, आणि दुसरे पंडितांचे संस्कृत व्याकरण. यांतील पहिल्या गजाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण विल्यम बुलोकरने १५८६ साली काढले, ते विल्यम लिलीच्या लॅटिन व्याकरणाच्या धर्तीवर. शब्दांच्या आठ जाती लॅटिन वैयाकरणांनी ग्रीकांकडून घेतल्या. ग्रीकांचे उपपद लॅटिनमध्ये नव्हते, म्हणून त्यांनी ते गाळले आणि आठ हा आकडा कायम राखण्यासाठी उद्गारवाचकाला स्वतंत्र जात केले. १६५३ साली जॉन वॉलिस या गणितज्ञाने इंग्रजीचे व्याकरण लिहिताना तक्रार केली की, आपले पूर्वसूरी इंग्रजीला लॅटिनच्या साच्यात नाहक कोंबतात. ही तक्रार मांडणारा ग्रंथही त्याने लॅटिनमध्येच लिहिला! जी इंग्रजी पुढे आपल्या भाषांची परीक्षक झाली, ती स्वतः दोन-अडीचशे वर्षे लॅटिनपुढे परीक्षेस बसलेली होती.

हा गज मराठीत रुळवला तो दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी. १८३६ साली त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. याआधी मराठीचा व्याकरणविचार अगदीच झाला नव्हता असे नाही. महानुभाव पंथातील भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’ हे मराठीचे आद्य व्याकरण मानले जाते. पण शाळेतल्या मुलाच्या हाती पडले ते दादोबांचे. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी या ज्या आठ जाती आपण सर्वांनी घोकल्या, त्या पाणिनीच्या नव्हेत. यास्काने पदांच्या चारच जाती मानल्या आहेत, नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात; पाणिनीचे काम सुबन्त आणि तिङन्त या दोहोंवर भागते. आठांची मांडणी इंग्रजीची, विभक्ती आणि प्रयोग संस्कृताचे, आणि कापड मराठीचे, असा हा अंगरखा शिवला गेला. तो बऱ्याच ठिकाणी अंगासरशी बसला, म्हणूनच दादोबांना ‘मराठीचे पाणिनी’ ही पदवी मिळाली. पण एका ठिकाणी तो काखेत काचतो, आणि ते ठिकाण म्हणजे प्रयोग.

‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य घ्या. येथे क्रियापद रामाकडे पाहत नाही, आंब्याकडे पाहते. आंब्याऐवजी भाकरी आली की ‘खाल्ली’ होते. म्हणून आपले वैयाकरण याला कर्मणी म्हणतात. इंग्रजी व्याकरणाच्या तासाला मास्तर सांगतात की कर्मणी म्हणजे ‘पॅसिव्ह’. परंतु या वाक्याचे इंग्रजी करू लागलो तर सरळ ‘ॲक्टिव्ह’ वाक्य तयार होते. रामाने खाल्ले हेच त्यातले सांगणे, आंब्याचे काय झाले हे नव्हे. पॅसिव्हमध्ये कर्ता मागे सरतो, पुष्कळदा गळूनच पडतो. आपल्या कर्मणीत कर्ता ‘ने’ लावून पुढे उभाच असतो. तेव्हा इंग्रजीचे ‘व्हॉइस’ आणि मराठीचे ‘प्रयोग’ ही दोन वेगळी मापे आहेत. त्यातही मराठी स्वतःचे अपवाद बाळगून आहे. ‘मी धडा वाचला’, पण ‘मी धडा शिकलो’; ‘मी गोष्ट सांगितली’, पण ‘मी गोष्ट विसरलो’. दोन्ही क्रियापदांना कर्म आहे, तरी एक कर्माकडे वळते आणि दुसरे कर्त्याकडे. हे इंग्रजीच्या गजाने मोजता येत नाही. संस्कृताच्या गजानेही पुरते मोजता येत नाही. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिताना, आणि अरविंद मंगरूळकरांनी १९६४ साली ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ मांडताना, या दोन उसन्या गजांशीच आपापल्या परीने झुंज घेतली.

बंगाली विद्वानांनाही ही काच जाणवली होती. १९०१ साली हरप्रसाद शास्त्र्यांनी बंगीय साहित्य परिषदेत तक्रार मांडली की, बंगालीची म्हणून जी व्याकरणे आहेत त्यांतली काही संस्कृताची आणि काही इंग्रजीची भाषांतरे आहेत. रवींद्रनाथांनीही ‘शब्दतत्त्व’ या ग्रंथात (१९०९) बंगालीचा विचार बंगालीच्याच अंगाने केला. ज्या प्रांतात आपण नोकरी करतो तेथल्या लोकांनी हीच वाट तुडवली, हे आपल्यास ठाऊक असलेले बरे.

तुलना वाईट असे मात्र माझे म्हणणे नाही. तुलनेवाचून आपली भाषा आपल्याला दिसतच नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत फरक आहे, हे महाराष्ट्रात राहणाऱ्यास कधी सुचणार? इंग्रजीत दोन्हींस एकच शब्द, बंगालीतही ‘आमरा’ हा एकच. कचेरीत ‘आम्ही चहाला जातो’ म्हटले तर ऐकणारा खुर्चीतच बसून राहतो. ‘आपण चहाला जाऊ’ म्हटले तर तो उठतो. इंग्रजीत शब्दांची जागा हीच विभक्ती असते; वाघ आणि शिकारी यांची अदलाबदल केली की मरणारा बदलतो. मराठीत ‘वाघाने शिकाऱ्याला मारले’ हे उलटेसुलटे कसेही म्हणा, शिकारी काही वाचत नाही. बंगालीत ‘आमि जाइ’ म्हणणारा पुरुष की स्त्री हे क्रियापद सांगत नाही. मराठीत ‘जातो’ आणि ‘जाते’ यांनी ते तत्काळ कळते. इंग्रजीतही एके काळी नामांना तीन लिंगे होती. ती झिजून गेली आणि आता लिंगाची खूण सर्वनामांपुरती उरली आहे.

आणि येथेच हा विषय आपल्या घरात शिरतो. व्याकरण पुस्तकात हरवत नाही, ते तोंडातून हरवते. बंगालात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या बोलण्याकडे कान द्यावा. ‘मी भाकरी खाल्लो’ असे वाक्य ऐकू येते. शब्द सगळे मराठी आहेत. पण क्रियापद भाकरीकडे पाहायचे विसरले आणि बंगालीप्रमाणे कर्त्याकडे वळले. एखादी मुलगी ‘मी जातो’ म्हणते, आणि घरात कोणी दुरुस्त करत नाही, कारण शब्द तर मराठी आहेत ना! शब्द उसने आले म्हणून भाषा बुडत नाही. ‘टेबल’ आणि ‘स्टेशन’ आले आणि मराठीच्या लिंगात व विभक्तीत मुकाट्याने बसले. पण ही आतली शिवण उसवली तर नुसते कापडाचे तुकडे हाती राहतात.

दुसरा अपराध मात्र आपणा कारकुनांचाच आहे. इंग्रजी मसुद्यांत ‘पॅसिव्ह’ची चलती, अमुक केले जावे, तमुक कळवले जात आहे. कोणी केले, कोणी कळवले, याचा पत्ता नसतो. हे वळण मराठीत उतरले ते ‘करण्यात येत आहे’, ‘आपणाकडून कळविले जावे’ या रूपाने. ‘रामाने रावण मारला’ याऐवजी ‘रामाकडून रावण मारला गेला’ म्हणण्याच्या तऱ्हेला वैयाकरणांनी ‘नवीन कर्मणी’ असे नावच देऊन टाकले आहे. मराठीचा जुना कर्मणी कर्त्याला पुढे उभा करतो. नवीन कर्मणी त्याला पडद्याआड नेतो. जबाबदारी टाळू पाहणाऱ्या कचेरीला दुसरा सोयीचा वाटावा यात नवल नाही. पण त्याच वळणाने मुलास पत्र लिहू लागलो तर ते पत्र बापाचे न राहता परिपत्रक होईल.

श्रीरामपुरास कॅरी वैजनाथ शर्म्यांपुढे शिष्य म्हणून बसला तेव्हा त्याला मराठी परकी होती, म्हणून त्याने तिचा प्रत्येक प्रत्यय थांबून विचारला. आपल्याला ती सहज मिळाली, म्हणून आपण विचारत नाही. परप्रांतात वाढणाऱ्या मुलाची स्थिती आपल्यापेक्षा कॅरीच्या जवळची आहे, आणि घरात वैजनाथांची जागा आईबापांवाचून दुसरे कोणी घेणार नाही. संध्याकाळी इंग्रजीचा धडा घेताना शेजारी मराठी आणि बंगाली वाक्य मांडावे. आंबा आणि भाकरी आलटून पालटून घ्यावी. ‘खाल्ला’ कोठे, ‘खाल्ली’ कोठे आणि बंगालीत काय होते, हे त्याचे त्याला शोधू द्यावे. तिन्ही भाषा त्याला एकमेकींच्या उजेडात दिसतील, आणि ‘मी भाकरी खाल्लो’ हे वाक्य एके दिवशी त्याच्याच कानाला खटकेल.