एका नाण्यावर दोन राजे



आपल्या एटापल्लीकडे म्हाताऱ्या बायांच्या गळ्यात जुन्या रुपयांची माळ दिसते. त्यावर इंग्रजांच्या राणीचं नाहीतर राजाचं तोंड असतं. तेव्हा राज्य कोणाचं होतं, हे ते नाणंच सांगतं. पण एकाच नाण्यावर दोन राजे असले तर?

आपल्या इंद्रावतीचं पाणी ज्या गोदावरीत जातं, तिच्या वरच्या अंगाला नाशिक जिल्हा आहे. तिथे जोगलटेंभी गावी 1906 साली चांदीच्या 13 हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी नहपान या क्षत्रप राजाची, सुमारे 1900 वर्षांपूर्वीची. एका बाजूला त्याचं तोंड, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. त्यातल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर मात्र दुसऱ्याच राजाचा ठसा मारलेला आहे. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैनचं चिन्ह. तो राजा गौतमीपुत्र सातकर्णी.

त्या काळी नाणं हातानं पाडत. खालचा ठसा ऐरणीत बसवायचा, त्यावर चांदीची चकती ठेवायची, वरचा ठसा धरून हातोडा मारायचा. नहपानाची ही नाणी वितळवली नाहीत. आहेत त्यावरच नवे ठसे मारले. घाव सगळीकडे सारखा बसत नाही, म्हणून डोंगराच्या आडून नहपानाचं नाक, कान किंवा एखादं अक्षर डोकावतं.

अभ्यासक तेच शोधतात. भिंतीवर वरचा पोतारा नंतरचा, तसा वरचा ठसा नंतरचा. म्हणजे नहपान आधी, गौतमीपुत्र नंतर. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, लेख आहे. माझ्या लेकानं क्षहरातांचं, म्हणजे नहपानाचं, घराणं संपवलं, असं त्यात आहे. आई लेकाचं कौतुक करणारच, असं कोणी म्हणेल. पण ही हजारो नाणी तिच्या बाजूनं साक्ष देतात.

आणि त्या नाण्यावर राजाचं नाव कसं लिहिलंय? गौतमीचा पुत्र. आधी आईचं नाव! आपल्या सरकारनं 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं ठरवलं. या मातीत ते नवं नाही.

आता कामाची गोष्ट. नांगरताना, पाया खोदताना जुनी नाणी सापडली, तर चिंच-राखेनं घासू नका. खालचा ठसा अगदी पुसट उरलेला असतो. घासलं की एक राजा कायमचा गेला. सोनाराकडे आटवायला देऊ नका, आपसात वाटूनही घेऊ नका. जोगलटेंभीची नाणी एकत्र पाहता आली, म्हणून किती नाण्यांवर दुसरा ठसा आहे ते मोजता आलं.

दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असा 1878 चा कायदा आहे. कुठे, किती खोल, कशात सापडलं ते लिहून ठेवा आणि गटातल्या दोघी-तिघी मिळून तहसील कार्यालयात जा. चांदीचा भाव सोनार सांगेल, पण आटवलेलं नाणं कोणाचीच साक्ष देत नाही.