बेथेल : चर्चभोवती वसलेले जालन्याजवळचे गाव

१/ लष्करी इतिहासात बदनापूरचे नाव एका भेटीपुरते येते. २१ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन येथे भेटले; दोनच दिवसांनी असईची लढाई झाली. पुढे जालन्यात छावणी उभी राहिली. याच परिसरात साठएक वर्षांनी एक वेगळा प्रयोग सुरू झाला. हा थ्रेड त्याविषयी.

२/ आधी एक संकल्पना. इंग्लंडमधील खेड्याचा इतिहास लिहिणारा अभ्यासक प्रथम पॅरिशची दप्तरे उघडतो. वसईकडे पॅरिशला ‘धर्मग्राम’ म्हणतात. इंग्लंडमध्ये १५३८ पासून बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद पॅरिशने ठेवली. १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाचा भारही तिच्यावर आला. उपासना आणि कारभार यांचे ते एकच एकक होते.

३/ आपल्याकडे कारभाराचे एकक होते गाव. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार ही त्याची चौकट. देऊळ गावाचे असे; गाव देवळाचे नसे. बेथेलमध्ये हा क्रम उलटा झाला. तेथे मंडळी आधी जमली आणि गाव नंतर वसले.

४/ या गावाचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्री. जन्माने ब्राह्मण, शिक्षण मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात, बाप्तिस्मा १८४३ मध्ये. त्याच वर्षी त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याच्या ताब्याचा वाद न्यायालयात गेला आणि मुलगा वडिलांकडे परतला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे, या पक्षात ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर होते. एका घरातील या घटनेने मुंबईचा हिंदू समाज दुभंगला.

५/ १८६० च्या दशकात शेषाद्री निजामाच्या राज्यातील जालन्यास आले. त्यांच्या मंडळीत आले ते प्रामुख्याने मांग समाजातील लोक. हा समाज गावगाड्याची कामे करी, पण राही गावकुसाबाहेर. आपल्याला धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकारच नसेल तर आपला धर्म कोणता, हा प्रश्न याच समाजातील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’तील आपल्या निबंधात विचारला होता.

६/ नुसत्या बाप्तिस्म्याने पोट भरत नाही. जुन्या गावात राहायचे तर बलुते आणि पाणी या दोहोंसाठी इतरांच्या मर्जीवर जगावे लागणार. म्हणून स्वतंत्र वस्तीची कल्पना पुढे आली. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांनी जमीन दिली. गावाचे नाव बायबलमधून आले. बेथेल म्हणजे ‘देवाचे घर’. १८७३ मध्ये शेषाद्री न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेतही बोलले.

७/ घटक पाहा : मुस्लिम संस्थानाची जमीन, स्कॉटिश मिशन, ब्राह्मण कुळातील पाळक आणि मांग समाजातील मंडळी. वसाहतकाळाचे एकरेषीय वर्णन या एका गावापुढे टिकत नाही. ‘परकीयांनी धर्म लादला’ हे येथे पुरेसे नाही. ‘मिशनने उद्धार केला’ हेही नाही. घर, शेत आणि सन्मान यांची निकड ज्यांना होती, त्यांनीही हा निर्णय घेतलेला होता.

८/ मर्यादाही स्पष्ट आहेत. गावगाड्यातील पाटलाच्या जागी येथे पाळक आला. जमिनीचे सूत्र वरच्यांच्याच हाती राहिले. वेगळी वस्ती अपमानापासून संरक्षण देते, पण वेगळेपण कायमही करते. इंग्लिश पॅरिशमध्ये जमीनदार आणि मजूर निदान एका छपराखाली बसत, जरी बाके वेगळी असली तरी. बेथेलचे सवर्ण शेजारी त्या छपराखाली आलेच नाहीत.

९/ शेषाद्री १८९१ मध्ये निवर्तले, पण प्रश्न संपला नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. चर्चच्या वहीतील पणजोबांच्या नावाचा अभिमान बाळगावा, तर जातीच्या दाखल्याची वाट बंद होते.

१०/ म्हणून आपल्या भागाचा इतिहास शोधताना किल्ले आणि लढायांबरोबर मंडळीच्या वह्या, दफनभूमीतील शिळा आणि जमिनीची कागदपत्रेही पाहावीत. असईच्या रणांगणावर सेनापतींची नावे राहिली. ज्यांना गावाने कुसाबाहेर ठेवले, त्यांची नावे अशा वह्यांतच सापडण्याची शक्यता अधिक आहे.