संरक्षण कुणाचे? जकातीचा वाद आणि साचेखात्याचा दरवाजा

खुला व्यापार आणि संरक्षण हा वाद वर्गात शिकवताना मला दर वर्षी एक अडचण येते. पाठ्यपुस्तकात या वादाला दोनच पात्रे असतात, एक हा देश आणि दुसरा तो देश. जकात बसवली की ‘देशी उद्योग’ वाचतो, जकात उठवली की ‘ग्राहक’ सुखी होतो. मागच्या बाकांवर, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुले बसलेली असतात. मीही त्याच बाकांवरून आलो. ती हे सारे उत्तरपत्रिकेत नीट उतरवतात आणि गुण मिळवतात. पण ‘देश’ या शब्दाखाली नेमके कोण उभे आहे, आणि कोण उभेच केलेले नाही, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. म्हणून तो इथे विचारायचा आहे. त्यासाठी मुंबईच्या कापडाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

प्रस्थापित इतिहासकारांनी या प्रकरणाचा पूर्वार्ध चांगला लिहिला आहे आणि तो खोटा नाही. इंग्लंडने खुल्या व्यापाराचा मंत्र जगाला दिला तो स्वतःचे घर भरल्यावर. १७०० साली आणि पुन्हा १७२१ साली कायदे करून त्याच इंग्लंडने हिंदुस्थानी छापील कापड आपल्या बाजारातून हुसकावले होते. यंत्रे पक्की झाली, मँचेस्टरच्या मालाला जगात तोड उरली नाही, तेव्हा खुला व्यापार हा निसर्गनियम ठरला. १८७९ मध्ये व्हाइसरॉय लिटनने आपल्या कौन्सिलातल्या बहुमताला डावलून जाड्याभरड्या विलायती कापडावरची जकात उठवली. १८८२ मध्ये जवळजवळ सगळ्याच आयात जकाती गेल्या. पुढे तिजोरीत खडखडाट झाला म्हणून १८९४ मध्ये त्या परत आणाव्या लागल्या. तेव्हा लँकेशायरच्या समाधानासाठी हिंदुस्थानी गिरण्यांच्या मालावर तेवढाच अबकारी कर बसवण्यात आला. १८९६ मध्ये हिशेब ठरला तो असा : विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात आणि इथल्या गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी. हा कर १९२५ च्या डिसेंबरपर्यंत चालू राहिला. एका देशाच्या सरकारने दुसऱ्या देशाच्या कारखानदारांसाठी आपल्याच भूमीतल्या उद्योगावर कर बसवावा, याहून उघड अन्याय कोणता? राष्ट्रीय सभेचे पुढारी त्यावर तुटून पडले ते योग्यच होते.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. एका देशाच्या परिस्थितीत जन्मलेले अर्थशास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांना आणि सर्व काळाला सारखे लागू पडत नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता. जर्मन अर्थतज्ज्ञ लिस्टचा विचार त्यांच्या पाठीशी होता. बाळसे न धरलेल्या उद्योगाला पुष्ट झालेल्या उद्योगाशी झुंजायला लावणे म्हणजे समता नव्हे, असे लिस्टचे म्हणणे. हा विचार वाचकांनी लक्षात ठेवावा. शेवटी त्याच्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

पण त्याच काळात, त्याच पुण्यात दुसरा एक माणूस हीच गोष्ट वेगळ्या जागेवरून पाहत होता. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो १८८३ साली. विलायतेतल्या यंत्रांवरच्या मालाने इथल्या कारागिरांवर उपासमारीची पाळी आणली, हे त्यांनी स्पष्टच नोंदवले. म्हणजे खुल्या व्यापाराचा घाव कुठे बसतो हे त्यांना रानड्यांइतकेच दिसत होते. फरक एवढाच की फुल्यांच्या हिशेबात विलायती व्यापारी होता तसाच इथला सावकार होता, भट-कामगार होता आणि कचेरीतला कारकूनही होता. लुटीचा दरवाजा फक्त बंदराकडेच उघडतो, असे त्यांनी कधी मानले नाही.

फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि आठवड्याची सुटी, कामाचे ठरावीक तास यांची मागणी केली. तेव्हा राष्ट्रवादी वृत्तपत्रांची भूमिका काय होती? कारखाना कायदा म्हणजे देशी गिरण्यांची मान आवळण्यासाठी लँकेशायरने रचलेला डाव, ही. त्यात तथ्यही होते. लँकेशायरचे मालक खरोखरच या कायद्यासाठी खटपट करत होते आणि त्यांना मुंबईच्या मजुराचा कळवळा मुळीच नव्हता. पण म्हणून सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्या बाईचे आणि पोराचे श्रम कमी होत होते काय? देशी उद्योगाला परक्यांपासून संरक्षण हवे आणि त्याच उद्योगातल्या मजुराला मालकापासून संरक्षण नको, हा तर्क इथे पहिल्यांदा मांडला गेला. तो पुढे अनेकदा कानावर येतो. रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, लोखंड्यांच्या चळवळीमुळे.

जकातीच्या वादाने ज्यांना कधी विचारलेच नाही, अशी आणखी काही माणसे आहेत. पहिला हातमागवाला. विदर्भातला महार समाज पिढ्यान्‌पिढ्या जाडेभरडे कापड विणत आला. विलायती कापडाने त्याचे गिऱ्हाईक खाल्ले आणि १८७७ पासून नागपुरात एम्प्रेस मिलचा भोंगा वाजू लागल्यावर देशी गिरणीनेही खाल्ले. गंमत अशी की राष्ट्राच्या दृष्टीने काळ्या ठरलेल्या १८९६ च्या कायद्यात हातमागाच्या कापडावर अबकारी नव्हती आणि आयात सुतावरची जकातही उठली होती. उलट १९२२ मध्ये आयात सुतावर पाच टक्के जकात आली. १९२७ मध्ये ती पौंडामागे किमान दीड आणा झाली. गिरणीवाल्याला संरक्षण मिळाले आणि सूत विकत घेऊन विणणाऱ्याचा खर्च वाढला. एकाचे संरक्षण दुसऱ्यावरचा कर असू शकते, हे समजायला यापेक्षा सोपे गणित नाही.

दुसरा, कातडे विकणारा. १९१९ मध्ये सरकारने कच्च्या कातड्याच्या निर्यातीवर पंधरा टक्के जकात बसवली. साम्राज्यातल्या देशांना त्यात दोन-तृतीयांश सूट होती. हेतू असा की कच्चे कातडे बाहेर न जाता इथेच कमावले जावे. कारखानदाराला कच्चा माल स्वस्त मिळाला. पण स्वस्त म्हणजे कुणाच्या पदरचे? खेड्यातल्या ज्या हातांनी मेलेले ढोर ओढले आणि सोलले, त्यांना मिळणारा भाव यातून दबणार हे उघड होते. १९२१-२२ च्या फिस्कल कमिशनने असल्या निर्यात जकातींना विरोध केला तो याच कारणाने, की बोजा उत्पादकावर पडतो. १९२३ मध्ये ती पाच टक्क्यांवर आली. ढोरांचा प्रश्न मात्र वेगळा होता. कातडे कमावणाऱ्याला कच्चा माल स्वस्तच बरा. म्हणजे आपल्यातही सगळ्यांचे हित एक नव्हते, आणि हे आपण मोकळेपणाने बोलले पाहिजे.

शिवाय भाव हाच शेवटचा शब्द नव्हता. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा, असे सांगितले. त्यावर ‘केसरी’त कुणी हिशेब मांडला की शिंगे, कातडी, हाडे सोडल्याने महारांचे वर्षाला पाचशे रुपयांचे नुकसान होते. ही आठवण बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरच्या भाषणात सांगितली. ज्या धंद्यात शिरायला दुसरी कुठलीही जात तयार नाही, त्याचा नफा मोजून दाखवणारे हे अर्थशास्त्र. स्पर्धा खुली होती, पण ती एकाच जातीसाठी खुली होती.

आता गिरणीच्या आत जाऊ. माझे पणजोबा १९३० च्या सुमारास मुंबईच्या एका गिरणीत थ्रॉसल खात्यात होते. सूत काढणारी खाती अस्पृश्यांना मोकळी. साचेखाते, म्हणजे विणकाम, बंद. पगार मात्र साचेखात्यात जास्त. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार? यंत्र मँचेस्टरचे, भांडवल देशी आणि नियम मनूचा. पणजोबा घरी म्हणत, आपण काढलेले सूत चालते, आपले तोंड चालत नाही. आमच्या घरातले हे पहिले अर्थशास्त्र.

१९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबर या काळातल्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न लावून धरला. साचेखाते अस्पृश्यांना खुले करा, ही मागणी संपाच्या मागण्यांत घालावी असा त्यांचा आग्रह होता. ती घातली गेली, पण नाइलाजाने. मालक म्हणाले, बंदी आम्ही घातलेली नाही. आणि ज्यांनी घातली होती ते कामगार एकजुटीच्या घोषणा देत होते. ही गोष्ट मी कामगार चळवळीला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. मनमाडला १९३८ मध्ये बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. साचेखात्याचा दरवाजा पाहिला की हे दोन शत्रू एकाच चौकटीत उभे दिसतात.

आणि मालकांना संरक्षण मिळाल्यावर काय झाले? १९३० च्या कायद्याने ब्रिटिश कापडावर पंधरा टक्के आणि इतरांवर वीस टक्के जकात आली. जपानी मालाच्या भीतीने १९३३ मध्ये बिनब्रिटिश कापडावरची जकात पंचाहत्तर टक्क्यांवर गेली. एवढ्या उंच भिंतीच्या आड मजुराला ऊब मिळायला हवी होती. प्रत्यक्षात १९३३-३४ मध्ये मुंबईत पगारकपात झाली आणि १९३४ मध्ये पुन्हा संप करावा लागला. भिंत परक्या मालासाठी होती. आतल्या वाटणीबद्दल तिच्यावर काहीच लिहिलेले नव्हते.

या आतल्या वाटणीचा शास्त्रशुद्ध विचार कुणी केला असेल तर तो बाबासाहेबांनी. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात त्यांनी एक लाडका समज उलटा करून दाखवला. रुपयाचा विनिमय दर घसरला की निर्यातदाराला फायदा होतो, म्हणून देशाचा फायदा होतो, असे म्हटले जाई. हेही एक आडवाटेचे संरक्षणच. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कुठून? किमती वाढतात, पण मजुरी त्या वेगाने वाढत नाही. मधला फरक मालकाच्या खिशात जातो. म्हणजे हा परकीयांकडून मिळालेला नफा नसून देशातल्याच एका वर्गाने दुसऱ्या वर्गाच्या तोंडचा काढलेला घास आहे. हिल्टन यंग कमिशनपुढेही त्यांनी मजुरी कमावणाऱ्यांचे हित व्यापारी वर्गापेक्षा वेगळे मोजले. मुंबईचे गिरणीमालक तेव्हा रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर ठेवा म्हणून राष्ट्राच्या नावाने ओरडत होते. अखेर १९२७ मध्ये एक शिलिंग सहा पेन्स हा दर ठरला. त्या गदारोळात ‘राष्ट्र’ या शब्दाचे पृथक्करण करणारा माणूस अस्पृश्य समाजातून आला, हा योगायोग नव्हे. ज्याला गावात जागा नाही त्याला ‘गाव’ म्हणजे कोण हे चांगले कळते.

मग आपण खुल्या व्यापाराचे समर्थक व्हायचे काय? १९९१ नंतर आपल्यातही हा वाद झाला. काही दलित विचारवंतांना वाटले की बाजाराला जात नसते, म्हणून बाजार मोकळा झाला की जातीची पकड ढिली होईल. काहींनी बजावले की सरकारी कारखाने आणि नोकऱ्या आटल्या की राखीव जागा कागदावरच उरतील. मला दुसरी भीती जास्त खरी वाटते. संरक्षित अर्थव्यवस्थेच्या काळातच रेल्वे, पोस्ट, बँका, सरकारी कारखाने यांत आपली पहिली पिढी शिरली. तिच्याच पगारातून दुसऱ्या पिढीची फी भरली गेली. पण ती शिरली जकातीमुळे नव्हे, तर दरवाज्यावर राज्यघटनेने हक्क लिहिला होता म्हणून. त्याच काळात खाजगी भांडवलालाही भिंतीचा आसरा होता, आणि तिथे असा हक्क नव्हता.

आता लिस्टच्या विचाराकडे परत येऊ. बाळसे न धरलेल्या उद्योगाला बलदंड स्पर्धकापासून काही काळ जपावे, हे इथल्या उच्चवर्णीय अर्थशास्त्राने शतकभर मान्य केले. फिस्कल कमिशनने तर त्याच्या अटीही घालून दिल्या. त्यासाठी साऱ्या देशाने महाग कापड नेसले, तेव्हा ‘गुणवत्ता ढासळेल’ असे कुणी म्हणाले नाही. पण ज्यांना हजारो वर्षे शाळेपासून, पाणवठ्यापासून, साच्यापासून दूर ठेवले, त्या माणसांना थोडे संरक्षण देण्याची वेळ आली की तेच लोक एकदम खुल्या स्पर्धेचे भक्त होतात. मालाला संरक्षण आणि माणसाला खुला व्यापार, अशी ही नीती आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच. उद्या कुणी जकात वाढवा म्हणेल, कुणी उठवा म्हणेल, दोघेही देशाचे नाव घेतील. आपण त्या कारखान्यात, त्या शेतात, त्या बाजारात जाऊन पाहावे : भाव कुणाला मिळाला, बोजा कुणी उचलला, आणि साच्यावर कोण बसले. या हिशेबाशिवाय दिलेला कौल आपला नसतो. तो दुसऱ्या कुणीतरी आपल्या नावाने दिलेला असतो.